उप म्हणजे जवळ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

जनुकतपासणीचा अहवाल आला. राजसने पुण्याहून फोनवर वाचून दाखवला. आमचे चिरंजीव संगणकाच्या कंपनीत आहेत. मराठी त्यांना समजते, परंतु ते ती सांभाळत नाहीत. म्हणाला, "बाबा, अल्झायमरच्या त्या जीनच्या दोन्ही कॉपीज तुमच्यात आहेत." मी म्हटले, "कॉपीज नव्हे, प्रती." तो म्हणाला, "दोन्ही प्रती, बाबा."

मराठीत द्विवचन नाही. या जनुकाने ते माझ्यापुरते आणले : एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. आईला पंचाहत्तराव्या वर्षी अल्झायमर जडला. शेवटी शेवटी ती मला पोस्टमन समजे आणि माझे पत्र का आणत नाही म्हणून रुसून बसे. येत्या ऑगस्टमध्ये मला पंचाहत्तर पूर्ण होतील.

सौ. गोदावरीच्या अहवालात एकही प्रत नाही. ती सुटली. या घरात जोखीम आता एकट्या माझी.

निश्चय : सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत अन्न वर्ज्य. साखर, मैदा, तळण बंद. अक्रोड, जवस, पालेभाजी सुरू. राजसने पाठवलेल्या लेखात मासळीचीही शिफारस आहे. तो परिच्छेद गाळला.

चाळीस वर्षे मी मुलांना व्याकरण शिकवले. स्मरणशक्ती माझ्या हातून जाणार नाही.

४ फेब्रुवारी, सकाळ

गोदावरीने विचारले, "म्हणजे आजपासून उपास का?" मी सांगितले, "उपास नव्हे, उपवास. उप म्हणजे जवळ. वास म्हणजे राहणे. उपवास म्हणजे जवळ राहणे; उपाशी राहणे हा नंतरचा अर्थ."

ती म्हणाली, "मग राहा की जवळ. बाहेर कुठं निघालात?"

मी कंबर तलावावर फिरायला निघालो होतो. लेखात चालण्याचाही उल्लेख आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

माझा जुना विद्यार्थी बिरुदेव याच्या कुंभारीच्या रानात हुरडा. जाणे भाग होते. त्याने गाडी दारात आणून उभी केली. रानात पोचल्यावर मी उपवासाचे सांगितले. तो म्हणाला, "सर, त्ये सोलापुरात. हितं न्हाय चालायचं. हुरडा हाय, शेंगाचटणी हाय, दही हाय. आ करा बरं." आणि स्वतःच्या हाताने भरवला.

नोंद स्पष्ट असावी : मी हुरडा खाल्ला नाही. मला हुरडा खाऊ घातला. प्रयोजक क्रियापदात कर्ता बिरुदेव ठरतो. उपवास अबाधित.

गोदावरीही बरोबर होती. बिरुदेवच्या बायकोला तिने दोनदा विचारले की हे रान कोणाचे. मातीची ओढ आहे तिला. नातेपुत्याची मुलगी.

१७ फेब्रुवारी

ताक घेतले. ताक पितात, खात नाहीत.

गोदावरीची भाषा अलीकडे फार ढिली झाली आहे. आज स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, ते द्या ना, ह्याच्यात घालायचं ते." एका वाक्यात तीन सर्वनामे, नाम एकही नाही. मी जागेवरून हललो नाही. म्हटले, "सर्वनाम नामाऐवजी येते. आधी नाम हवे." ती माझ्याकडे पाहत राहिली. कढईतले तेल जळू लागले, तेव्हा तिने स्वतःच येऊन जिऱ्याचा डबा नेला.

चाळीस वर्षांच्या शिक्षकाच्या घरात ही अवस्था.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आज सगळे गावच उपवासाला. गोदावरीच्या साबुदाण्याच्या खिचडीसाठी शेजारच्या सावित्रम्मा दरवर्षी वाडगा घेऊन येतात. आज खिचडी म्हणजे छर्रे. साबुदाणा भिजवलेलाच नव्हता. गोदावरी म्हणाली, "रात्रीच भिजवला होता की मी. बदलला कुणी?"

मला तिचा डाव कळला. मी खिचडी खाऊ नये म्हणून ती मुद्दाम बिघडवली, आणि सांगण्याचा संकोच वाटला म्हणून ही बतावणी. उपवासाला पत्नीचा असा मूक पाठिंबा फार थोड्यांना लाभतो. मन भरून आले. केळी व राजगिऱ्याचे दोन लाडू घेतले.

९ मार्च

स्मरणपरीक्षा सुरू केली. गोदावरीने मनाला येतील ते दहा शब्द सांगायचे, मी थोड्या वेळाने ते क्रमाने म्हणायचे, तिने तपासायचे.

मी दहाच्या दहा म्हटले. "बरोबर," ती म्हणाली. संशय आला म्हणून पुन्हा म्हणताना मुद्दाम 'सांडशी'च्या जागी 'सिंहासन' म्हटले. "बरोबर," ती म्हणाली. मग दहाही नवे शब्द सांगितले. "बरोबर. तुम्ही हुशारच आहात."

परीक्षक म्हणून अत्यंत ढिली. असे परीक्षक मंडळाने कधीच काळ्या यादीत टाकले असते.

२१ मार्च

प्रकृती दाखवायला डॉक्टर गुरुशांत यांच्याकडे. हाही माझाच विद्यार्थी. शुद्धलेखन कच्चे, पण हात चांगला. वजन पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

म्हणाला, "सर, या वयात वजन घटवायचं नसतं. उपवासानं हा आजार टळतो, असं अजून कुणी खात्रीनं सांगू शकलेलं नाही. जोखीम आहे म्हणजे आजार होणारच असं नाही." मी म्हटले, "हे तुम्ही निष्काळजी लोकांना सांगा." उठताना तो म्हणाला, "आणि सर, ज्यांच्यात हा जीन नाही त्यांनाही होतो बरं का. वहिनींना एकदा तपासायला घेऊन या. मघाशी बाहेर भेटल्या, मला 'राजस' म्हणाल्या."

पुत्रवत प्रेम. त्याला काय कळणार. आणि तपासणी कशासाठी? अहवाल स्पष्ट आहे : एकही प्रत नाही.

गुरुशांत 'जीन' पुल्लिंगी वापरतो. 'जनुक' नपुंसकलिंगी आहे. सांगायचे राहिले.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड चाटले. चाटणे हा वेगळा धातू.

गुढीला तांब्या उलटा बसवायचा, याची गोदावरीला मी आठवण करून दिली. तिने त्यात पाणी भरून ठेवले होते. उन्हाळा आहे, पाखरांची काळजी.

तिने अक्रोडाला नवे नाव दिले आहे. सकाळी वाटी पुढे करून म्हणाली, "तुमचे ते मेंदू खा." मी फार हसलो. पन्नास वर्षांत ती प्रथमच विनोद करू लागली आहे. उपवासाने घरातले वातावरण हलके झाले, यात शंका नाही.

५ एप्रिल

गॅसच्या कार्यालयातून फोन. तिकडच्या मुलीने विचारले असावे, "मिस्टरांचं नाव काय?" गोदावरी माझ्याकडे पाहू लागली. ओठ हलले, पण नाव बाहेर आले नाही. मग फोन माझ्या हाती देऊन म्हणाली, "हे काहीतरी विचारतायत."

ही मर्यादा आता पाहायला मिळत नाही. आमची नात संस्कृती मित्रांना आणि भावी नवऱ्यालाही 'अरे' म्हणणार हे ठरलेले आहे. गोदावरीने मला पन्नास वर्षांत 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही. माझे नाव तिने घेतले ते फक्त उखाण्यात. नातेपुत्याच्या मांडवात म्हणाली होती :

शाळूच्या कणसाला मोत्यांचा साज,
वेणीमाधवरावांचं नाव घेते लग्नाच्या दिवशी आज.

मी तेव्हाच हळू आवाजात सांगितले होते, 'लग्नाच्या दिवशी' म्हटल्यावर 'आज' ही पुनरुक्ती होते. ती डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली होती, "पण यमक नको का?"

१२ एप्रिल, सकाळी

सत्याग्रह. आठ वाजता तिने माझ्यापुढे पोहे ठेवले. "उपवास आहे," असे सांगून परत केले. थोड्या वेळाने पुन्हा गरम पोहे. परत केले. पुन्हा पोहे. मी आवाज चढवला. म्हटले, "एकदा सांगितलेले कळत नाही का?" ती म्हणाली, "कधी सांगितलंत? तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून केले." डोळ्यांत पाणी होते. कांदा असावा.

दुपारी बारानंतर गार पोहे खाल्ले, तिन्ही बश्या. अन्नाचा अपव्यय मला चालत नाही.

ती स्वतः काही घेत नाही. विचारले की म्हणते, "झालं की माझं." मी एकटा उपवास करतो, तर ती न सांगता माझ्याही पुढे गेली आहे. तिचे पोलके खांद्यावरून घसरते. बायकांना आहारनियमन उपजतच साधते.

२१ एप्रिल

पारा त्रेचाळीसवर. तलावाकाठी जरा चक्कर आली, बाकावर बसून राहिलो. चालण्यात 'थांबणे' गृहीत असते.

घरी आलो तो गोदावरी नवी साडी नेसून दारात उभी. म्हणाली, "नातेपुत्याहून आप्पा येतायत आज. बसस्टँडवर जाता का?"

तिचे वडील एकोणीसशे अठ्ठ्याण्णवमध्ये वारले.

वर्तमानकाळाचा उपयोग नजीकच्या भविष्यासाठी होतो, हे खरे. मात्र कर्ता हयात असावा लागतो. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "असं अभद्र बोलू नये माणसानं," आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळपर्यंत उंबऱ्यावर बसून होती.

दुपारच्या उन्हात झोपले की अशी स्वप्ने पडतात. यापुढे तिने दुपारी झोपू नये, असा नियम केला.

२ मे

सावित्रम्मा आल्या. गोदावरी न्हाणीघरात होती. त्यांचे यजमान चादरींच्या धंद्यात. घरी तेलुगू बोलतात, मराठीत त्यांचे लिंग नेहमी चुकते. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "सर, एक बोलायचा होता. वैनीचा लक्ष नाही राहिला."

मी म्हटले, "लक्ष नपुंसकलिंगी आहे. वैनीचे लक्ष राहिले नाही."

"काय लिंग असू दे सर. राहिलं नाही ते खरं ना?" मग म्हणाल्या, "परवा देवळातनं येताना तुमच्या गेटसमोरनं पुढं चालल्या. मी हाक मारली तर म्हणतात, माझं घर पुढं आहे. हाताला धरून आणलं मी. बांगड्या बघितल्या का तुम्ही? कोपरापर्यंत जातात."

मी सांगितले की गेटला मार्चमध्येच नवा रंग दिला आहे, माझाही एकदा गोंधळ झाला होता. त्या उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "तुम्ही स्वतःचा वजन रोज बघता सर. त्यांचा कोण बघणार?"

'स्वतःचे'. 'त्यांचे'. दोन चुका. दार लागल्यावर लक्षात आले की एकही दुरुस्त केली नाही.

१० मे

उपवास आता अंगवळणी पडला आहे. आज फक्त दोनदा मोडला.

राजस सहकुटुंब येणार. अठरा तारखेला आमच्या लग्नाला पन्नास वर्षे होतात. तो याला 'लग्नाचा वाढदिवस' म्हणतो. वाढदिवस माणसाचा असतो. लग्नाचा असतो तो वर्धापनदिन. गोदावरीला विचारले, तुला काय हवे. बराच वेळ विचार करून म्हणाली, "तुम्ही जेवा."

१८ मे, रविवार. दुपार उलटून

घरचीच माणसे, बाहेरचे तिघे : सावित्रम्मा, गुरुशांत, बिरुदेव. मी लग्नातला कोट घातला होता; ढगळ झाला. गोदावरीने जांभळी साडी नेसली, ती संस्कृतीने नेसवून दिली. पंगत वाढायच्या आधी संस्कृती म्हणाली, "आजी, नाव घे. आजोबांचं. नाव घेतल्याशिवाय जेवण नाही."

गोदावरी उभी राहिली. खणखणीत आवाजात म्हणाली :

"शाळूच्या कणसाला मोत्यांचा साज,"

आणि थांबली. सगळे हसत होते. बिरुदेव म्हणाला, "वैनी लाजल्या की वो." ती माझ्याकडे पाहत होती. नंतर म्हणाली, "ह्यांचं नाव घेते लग्नाच्या दिवशी आज."

"ह्यांचं नाही आजी, नाव घे नाव." संस्कृतीने टाळ्या वाजवल्या.

ती पुन्हा म्हणाली, "शाळूच्या कणसाला मोत्यांचा साज," आणि त्याच जागी थांबली. तिसऱ्यांदाही तिथेच. मला तिची नजर ओळखू आली. फळ्यापुढे उभे राहिलेले मूल, ज्याला पाठ येत होता आणि आता येत नाही, ते असे पाहते. हसणे थांबले. गुरुशांतने ताट खाली ठेवले. सावित्रम्मा उठल्या.

शाळेत मी कधी कुणाला मागून सांगू दिले नाही. आज तिच्याजवळ गेलो आणि कानात माझे नाव सांगितले.

तिचा चेहरा उजळला. "वेणीमाधवरावांचं नाव घेते लग्नाच्या दिवशी आज." शब्दन् शब्द शुद्ध. टाळ्या झाल्या, जरा उशिरा. मग ती माझ्या कोटाची बाही धरून हळूच म्हणाली, "फार उपकार झाले हो. पण ते कुठं आहेत? अजून जेवले नाहीत ते."

मी म्हटले, "येतील."

१९ मे

सर्वनाम नामाऐवजी येते. नाम नसले तरी येते. हे मी शिकवले नव्हते.

२७ मे

गुरुशांतने तिच्या सर्व तपासण्या करवल्या. त्याने पुष्कळ समजावून सांगितले. मी म्हटले, "पण तिच्यात एकही प्रत नव्हती." तो म्हणाला, "नव्हती, सर." एवढेच. राजस खिडकीशी उभा होता. मी म्हटले, "मग हा माझा आजार तिला कसा?" वाक्यरचना बरोबर होती.

निघताना गुरुशांतने आणखी एक सांगितले. "त्यांना भूक लागल्याचं कळत नाही, सर. जेवले की नाही ते आठवत नाही. समोर कुणी खात असेल तर त्या खातात. कुणीतरी सोबत बसायला हवं. प्रत्येक वेळी."

बाहेर गोदावरी बाकावर बसली होती. बाजूच्या बाईला सांगत होती, "आमचे हे फार कडक आहेत. पण माझ्या बोलण्यातली चूक लगेच सांगतात. कान असतो त्यांचा माझ्याकडं."

१ जून

राजस म्हणतो, दोघे पुण्याला चला. ती हे घर पायांनी ओळखते. अंधारातही न्हाणीघर सापडते तिला. नको म्हणालो.

निश्चय : सूर्यास्तानंतर अन्न वर्ज्य, हा नियम रद्द. माझी जोखीम आहे तशीच आहे. गुरुशांतला विचारले, माझेही सुरू झाले तर? तो म्हणाला, "सर, जेवा. झोपा. चाला. त्यांच्याबरोबर चाला." आधी तिचे सगळे पार पडावे, मग माझे सुरू व्हावे, एवढा क्रम तरी पाळला जावा. कोणाला सांगायचे ते कळत नाही.

८ जून, रविवार. सकाळ

ती लवकर उठली होती. पोहे केले. कोथिंबीर, लिंबू, वर शेंगदाणे. मी बसलो, तीही समोर बसली आणि बशी संपवली. म्हणाली, "ते ह्याच्यात जास्त झालं का?" मी म्हटले, "नाही. बेताचे आहे." काय जास्त झाले होते ते विचारले नाही.

बश्या विसळून ठेवल्या. अंगणात दोघे फिरून आलो. तेवढ्यात ती आत गेली. कढईचा आवाज आला. पुन्हा दोन बश्या पुढे. "अहो, सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही."

बसलो. तीही बसली. खाल्ले.

पोहे छान झाले होते, दोन्ही वेळा. उपवास चालू आहे.